हेअर डायची ॲलर्जी: अळूला दोष द्यायच्या आधी हे वाचा

हरतालिकेच्या दुपारी मी केसांना काळा रंग लावला. नेहमीचाच, त्याच कंपनीचा, त्याच शेडचा, गेली अकरा वर्षं लावत होते तोच. गणपतीच्या दिवशी संध्याकाळी कानामागे जरा खाज सुटली, म्हटलं घाम असेल, दिवसभर मोदकांच्या वाफेपुढे उभी होते. आणि ऋषीपंचमीला सकाळी उठले तर डोळे उघडेनात. कपाळ टम्म, पापण्या पाणी भरल्यासारख्या, कानाच्या पाळ्या लालबुंद आणि केसांच्या कडेने बारीक बारीक पाणीदार फोड. सासूबाई म्हणाल्या अळू बाधला, कारण ऋषीच्या भाजीचा अळू आदल्या रात्री मीच चिरला होता. जाऊबाईंना खव्याच्या मोदकांचा संशय, मुलगा म्हणे काहीतरी चावलंय. डाय कुणाच्याच डोक्यात आला नाही, म्हणजे लावलेला माझ्याच डोक्यात होता पण त्याला दोन दिवस होऊन गेले होते ना.

स्किनच्या डॉक्टरांनी बघताक्षणी विचारलं, "काल नाही, परवा काय लावलंत?" हा एक प्रश्न मला आधी माहीत असता तर बरंच काही वाचलं असतं, म्हणून हे सगळं लिहून काढतेय.

दोन दिवस मागे जायचं

कॉस्मेटिकची खरी ॲलर्जी बहुतेक वेळा लगेच उठत नाही. लावल्या लावल्या आग होणं, चुरचुरणं हे जास्त करून नुसतं इरिटेशन असतं, म्हणजे ती वस्तू त्वचेला झोंबली, धुतली की कमी होतं, आणि तसं कुणालाही होऊ शकतं. ॲलर्जीचं काम वेगळं. त्यात शरीरातल्या पांढऱ्या पेशी त्या केमिकलला शत्रू म्हणून ओळखून ठेवतात, ही ओळख व्हायला सुरुवातीला दहा-पंधरा दिवस लागतात, कधी वर्षानुवर्षं होतच नाही आणि मग एक दिवस होते. एकदा झाली की पुढच्या वेळी ते केमिकल लागल्यावर एक ते तीन दिवसांत सूज, खाज, फोड. त्यामुळे पहिल्यांदा लावलं तेव्हा काही झालं नाही याला काही अर्थ नाही, आणि "मी तर नेहमी हाच लावते" हे तर अजिबातच पुरावा नाही. उलट जो नेहमी लावतो त्यालाच ओळख व्हायची संधी जास्त.

म्हणून पहिली सवय लावून घ्या: चेहऱ्यावर किंवा मानेवर अचानक असं काही उठलं की कालचं जेवण आठवत बसू नका, मागच्या तीन दिवसांत अंगाला, केसांना, नखांना काय काय लागलं ते कागदावर लिहा. नवीनच नाही, जुनंही.

आणखी एक फसवणारी गोष्ट म्हणजे जागा. डाय डोक्याला लावतो पण डोक्याची कातडी जाड, तिला त्यामानाने कमी होतं, त्रास दिसतो तो पापण्या, कान, कपाळाची कड आणि मानेवर. पुरुषांनी दाढी-मिशीला लावला तर गालावर आणि ओठांवर. नेलपेंटचं तर अजून गमतीचं, नखं एकदम छान राहतात आणि पुरळ उठतं पापणीवर, कारण दिवसभर आपण डोळे चोळतो आणि पापणीची कातडी सगळ्यात पातळ. माझ्या ओळखीतल्या एकीने चार महिने काजळ बदलून बदलून बघितलं, शेवटी निघालं नेलपेंट.

गुन्हेगार कोण

काळ्या आणि गडद ब्राऊन डायमध्ये जवळपास नेहमी असतं ते पीपीडी, लांब नाव पॅराफेनिलीनडायअमाइन. शंभराहून जास्त वर्षं हे केसांच्या रंगात वापरतायत कारण इतका पक्का आणि खरा वाटणारा काळा दुसऱ्या कशाने सहजी येत नाही. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांची एक संस्था दरवर्षी एका पदार्थाला 'ॲलर्जन ऑफ द इयर' म्हणून जाहीर करते, 2006 साली तो मान पीपीडीचा होता. (मान कसला!) युरोपात डोक्याला लागणाऱ्या मिश्रणात ते 2 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही.

आता खोक्यावर बघा. समोर मोठ्या अक्षरात 'अमोनिया फ्री' लिहिलेलं असतं आणि आपण निश्चिंत होतो. अमोनिया नाही म्हणजे वास नाही आणि डोळ्यांना झोंबत नाही, बस इतकंच, पीपीडीचा आणि अमोनियाचा काही संबंध नाही. 'हर्बल', 'आवळा-शिकेकाई युक्त', 'नॅचरल' यांचंही तेच, आवळा असेलही आत पण सोबत पीपीडी पण असू शकतं. खोकं उलटं करून बारीक अक्षरात वाचायचं, चष्मा नसेल तर मोबाईलने फोटो काढून झूम करायचा. पॅराफेनिलीनडायअमाइन, नुसतं 'पी' लावून फेनिलीनडायअमाइन, किंवा डायअमिनोबेंझीन, तिन्ही एकच. टोल्युइन डायअमाइन असं दिसलं तर तो त्याचा चुलतभाऊ, पीपीडीची ॲलर्जी असलेल्या बऱ्याच जणांना तोही चालत नाही, त्यामुळे 'पीपीडी फ्री' वाचून लगेच उड्या मारू नका.

सगळ्यात जास्त काळजी मला वाटते ती काळ्या मेंदीच्या पुड्यांची. खऱ्या मेंदीत रंग देणारा पदार्थ असतो लॉसोन, तो केशरी, तांबूस, फार तर विटकरी रंग देतो, काळा कधीच नाही. हातावर काढलेली खरी मेंदी काही तास ठेवावी लागते, काढल्यावर आधी केशरी दिसते आणि एक-दोन दिवसांत गडद होते. त्यामुळे जी मेंदी वीस मिनिटांत काळीकुट्ट चढते ती नुसती मेंदी नाही, त्यात बहुतेक पीपीडी घातलेलं असतं, आणि किती ते देवच जाणे. जत्रेत किंवा बीचवर लहान मुलांच्या हातावर काळ्या मेंदीचे टॅटू काढून देतात ना, ते तर कृपा करून नको. काही मुलांना तिथेच फोड येतात आणि वाईट म्हणजे ॲलर्जी आयुष्यभराची होऊन बसते, ती कळते पुढे केस पांढरे झाल्यावर.

रंगाच्या आधी टेस्ट, खरी खरी

आपल्याकडे पीपीडीवाल्या डायच्या खोक्यावर इंग्रजी आणि स्थानिक भाषेत इशारा छापणं कायद्याने बंधनकारक आहे, आधी टेस्ट करा आणि भुवया-पापण्यांना लावू नका, आंधळेपण येऊ शकतं असा. आतल्या कागदावर टेस्ट कशी करायची तेही असतं. आपण तो कागद केसांवरून ओघळलेला रंग पुसायला वापरतो, मी पण तेच करायचे.

तर पद्धत. कानामागची किंवा कोपराच्या आतल्या बाजूची रुपयाएवढी जागा साबणाने धुऊन कोरडी करा. रंग कागदावर सांगितलाय तसा अगदी थोडासा तयार करा, काही कंपन्या नुसती रंगाची ट्यूब लावायला सांगतात काही डेव्हलपर मिसळून, तुमच्या कागदावर जे असेल ते करा, डाय प्लास्टिकच्या किंवा काचेच्या वाटीत कालवा, धातूच्या नको. कानकाडीने पातळ थर लावा आणि वाळू द्या. वरून पट्टी, प्लास्टर काही लावायचं नाही. चोवीस तासांनी हलक्या हाताने धुवा. इथपर्यंत बरेच जण करतात आणि काही नाही म्हणून त्याच संध्याकाळी डोकं रंगवतात, पण ॲलर्जी तिसऱ्या दिवशी पण उठू शकते हे वर सांगितलंच, त्यामुळे मी म्हणेन रंगाच्या निदान तीन दिवस आधी टेस्ट लावा. रविवारी रंगवायचं तर बुधवारी रात्री किंवा गुरुवारी सकाळी. मधेच खाज, लाली, सूज, फोड यातलं काहीही दिसलं तर लगेच धुवा आणि तो डाय विसरा, "थोडीशीच खाज आहे" असं म्हणून डोक्याला लावू नका, डोक्याला त्याच्या शंभरपट जास्त लागणार आहे.

आणि ही टेस्ट दर वेळी करायची. हो, दर वेळी, मला माहितीय कुणी करत नाही.

पण ज्यांना आधी एकदा डायने किंवा काळ्या मेंदीने सूज आलीय त्यांनी ही घरची टेस्ट करायचीच नाही. तेवढ्याशा ठिपक्यानेही जोरात रिॲक्शन येऊ शकते. त्यांनी सरळ डॉक्टर.

सुजलंच तर

श्वास लागतोय, ओठ-जीभ सुजतेय, आवाज घोगरा झालाय, चक्कर येतेय, अंगभर गांधी उठल्यात, यातलं काही असेल तर पुढचं वाचू नका, 108 ला फोन करा किंवा जवळचं हॉस्पिटल गाठा. असं कमी वेळा होतं पण होतं.

बाकी वेळी पहिलं काम म्हणजे डोकं धुणं. दोन दिवसांपूर्वी लावला असला तरी धुवायचं, कारण केसांच्या मुळाशी न मुरलेला रंग राहिलेला असतो. कोमट पाणी, साधा सौम्य शाम्पू, नखं न लावता, पाण्याला रंग यायचा थांबेपर्यंत. डोकं मागे झुकवून धुवा म्हणजे ते पाणी परत चेहऱ्यावर येणार नाही. धुऊन देणाऱ्याने ग्लोव्हज घालावेत. उशीचा अभ्रा, टॉवेल, रंग लावताना घातलेला गाऊन सगळं धुवायला टाका. माझ्या एका मावसभावाचं या भानगडीत गावातल्या न्हाव्याने चक्क मुंडण केलं होतं, त्याची बहुतेक वेळा गरज नसते, केसात पूर्ण मुरलेला रंग सहसा काही करत नाही, त्रास देतो तो कच्चा राहिलेला.

मग गार पाण्यात भिजवून पिळलेलं मऊ सुती कापड डोळ्यांवर आणि कपाळावर दहा दहा मिनिटं ठेवा, दिवसातून चार-पाच वेळा. बर्फ थेट नको. हळद, लिंबू, टूथपेस्ट, खायचा सोडा, शेजारच्या काकूंचं 'एकदम गुणकारी' तेल, काही नको. कोरफडही नको, आत्ता ही कातडी उघडी पडल्यासारखी आहे, तिला काहीही झोंबू शकतं. माझ्या नणंदेने प्रेमाने चंदनाचा लेप केला होता, तो धुताना मी रडले.

मेडिकलमधून स्वतःहून ट्यूब आणायची नाही हे वेगळं सांगते कारण हे सगळेच करतात. दुकानदार जी देतो ती बरेचदा स्ट्रॉंग स्टेरॉइडची असते, दोन दिवसांत जादू झाल्यासारखं वाटतं म्हणून लोक महिनोन् महिने लावतात आणि मग चेहरा पातळ, लाल, पिंपल आणि केसांनी भरलेला, ट्यूब थांबवली की दुप्पट आग. 2018 पासून अशा बऱ्याच स्टेरॉइड क्रीम डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे, पण मिळतात, ते तुम्हाला पण माहितीय. स्टेरॉइड वाईट नाही, मला पण डॉक्टरांनी थोडे दिवस गोळ्या दिल्या होत्या आणि त्यानेच डोळे उघडले, पण कुठलं, किती, किती दिवस आणि कसं कमी करत आणायचं हे त्यांनी ठरवलेलं असावं. डोळे बंद होण्याइतकी सूज असेल, दिसायला धूसर वाटत असेल, फोडातून पू किंवा पिवळी खपली येत असेल, ताप असेल तर त्याच दिवशी दाखवा.

जाताना डायचं खोकं घेऊन जा. हे लिहितानाही हसू येतं, मी खोकं घंटागाडीत टाकून मोकळी झाले होते, आणि डॉक्टर विचारतायत घटक काय होते. आता मी शाम्पूपासून टिकलीपर्यंत सगळ्याच्या मागच्या बाजूचा फोटो मोबाईलमध्ये एका फोल्डरला टाकून ठेवते. सूज आलेली असताना रोज एक फोटो पण काढा, अपॉइंटमेंट मिळेपर्यंत निम्मं उतरलेलं असतं आणि मग डॉक्टरांना काय दाखवणार.

पॅच टेस्ट म्हणजे काय, आणि कुठल्या टेस्टवर पैसे घालवायचे नाहीत

सगळं शांत झाल्यावर, नक्की कशाची ॲलर्जी ते कळायला पॅच टेस्ट करतात. मोठ्या सरकारी हॉस्पिटलांच्या त्वचा विभागात आणि बऱ्याच खाजगी डॉक्टरांकडे होते. पाठीवर छोट्या छोट्या चकत्या चिकटवतात, प्रत्येकीत एकेक पदार्थ ठरलेल्या प्रमाणात, पीपीडी, निकेल, सेंटचं मिश्रण, प्रिझर्व्हेटिव्ह वगैरे. दोन दिवस पाठ भिजवायची नाही, घाम येईल असं काम करायचं नाही, म्हणून मे महिन्यात करू नका, चकत्या निघून येतात. अठ्ठेचाळीस तासांनी काढतात, बघतात, आणि परत तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी बघतात. दुसऱ्यांदा दाखवायला जायचा कंटाळा करू नका, काही रिझल्ट तेव्हाच दिसतात. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असताना टेस्ट खोटी 'काही नाही' अशी येऊ शकते, ते आधी सांगा. तुमच्या स्वतःच्या क्रीम-लिपस्टिक पण काही डॉक्टर लावून बघतात, विचारून घेऊन जा.

लॅबवाले रक्तातून शेकडो ॲलर्जी शोधायचं पॅकेज विकतात ना, किंवा हातावर टोचून करतात ती प्रिक टेस्ट, ती या प्रकारच्या ॲलर्जीला उपयोगाची नाही. ती शिंका, दमा, अंगावर पित्त उठणं अशा लगेच होणाऱ्या प्रकारासाठी. मी मात्र ती आधी करून बसले होते, त्यात मला झुरळाची ॲलर्जी निघाली. छान.

पीपीडी पॉझिटिव्ह आलं की ते कुठेतरी लिहून ठेवा आणि इतर डॉक्टरांना पण सांगा, कारण त्याच्यासारखी रचना असलेल्या काही गोष्टी काहींना त्रास देतात, उदाहरणार्थ बेंझोकेन नावाचं बधिर करायचं औषध जे तोंड आल्यावर लावायच्या काही जेलमध्ये असतं, काही सल्फाची औषधं, आणि गडद रंगाच्या सिंथेटिक कपड्यांमधले काही रंग. सगळ्यांना होतं असं नाही.

मग केसांचं काय

तीन रस्ते आहेत. एक, शुद्ध मेंदी, पण त्याने पांढरे केस केशरी होतात, ज्यांना चालतं त्यांना चालतं. दोन, आधी मेंदी आणि ती धुतल्यावर निळीच्या पानांची पावडर, म्हणजे इंडिगो, कपड्यांची नीळ नाही हां, याने गडद ब्राऊन ते काळा येतो, वेळ दोन्हीचा धरून अर्धा दिवस जातो आणि दर पंधरा-वीस दिवसांनी मुळाशी परत. पावडर घेताना घटकात फक्त पानाचं नाव असलं पाहिजे, आणि याचीही टेस्ट कानामागे करायचीच, पुडीत काय मिसळलंय आपल्याला काय माहीत. तीन, पांढरे ठेवणे. मी पहिले सात-आठ महिने दुसरा रस्ता धरला, आता तिसऱ्यावर आलेय, ते तत्त्व म्हणून वगैरे नाही, कंटाळा आला म्हणून. मुळांवर तात्पुरत्या फिरवायच्या रंगाच्या कांड्या पण मिळतात, धुतलं की जातात, त्यातही घटक वाचून.

टिकलीचं पण सांगायलाच हवं, कारण ते आपल्या घराघरातलं आहे. टिकलीच्या मागच्या गोंदात एक केमिकल असतं, नाव पॅरा टर्शरी ब्युटाइल फिनॉल, त्याने काही बायकांच्या कपाळावर बरोबर टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग पडतो, कारण ते रंग बनवणाऱ्या पेशींनाच मारतं. लोक लगेच कोड म्हणून घाबरतात. आधी खाज येते कधी कधी, कधी थेट डागच. खाज आली किंवा डाग फिकट दिसायला लागला की टिकली त्या दिवसापासून बंद आणि डॉक्टरांना दाखवा, जितक्या लवकर थांबवाल तितका रंग परत यायची शक्यता जास्त. कुंकू लावा म्हणावं तर खरं कुंकू हळदीचं, पण बाजारातल्या बऱ्याच कुंकवात स्वस्त लाल रंग असतात आणि त्यानेही कपाळ खाजून काळं पडतं. ओळखीतून हळदीचं घरी केलेलं मिळालं तर उत्तम, तेही आधी मनगटावर लावून बघा.

आणि एक राहिलंच. स्वतः काही न लावता पण त्रास होऊ शकतो. मी डाय बंद केल्यावर चार महिन्यांनी परत उजव्या गालावर पुरळ, मी म्हटलं आता काय, सगळं तर बंद केलंय. मग कळलं, आमच्या ह्यांनी लग्नाच्या वाढदिवसाला मिशीला काळा रंग लावला होता. डॉक्टरांना सांगितलं तर ते हसले नाहीत, म्हणाले असं होतं, नवऱ्याचा डाय, बायकोचं परफ्युम, अशा केस येतात. तेव्हापासून मिशी पण पांढरी आहे.